स्विच ऑनलाइनवर एन६४ आणि सुपर निन्टेन्डोचे जुने गेम: बटणं, लॅग, सेव्ह आणि ऑफलाइन

जुनंच_बरं

निन्टेन्डो स्विच ऑनलाइनचं एक्स्पान्शन पॅकवालं (म्हणजे वरच्या पायरीचं) सबस्क्रिप्शन आहे. कन्सोल स्विच ओएलईडी, सोबत प्रो कंट्रोलर, टीव्ही ४के. एनईएस, सुपर निन्टेन्डो, एन६४ (निन्टेन्डो ६४) आणि गेम बॉय ॲडव्हान्स या जुन्या कन्सोलच्या गेमची ॲप डाउनलोड केली आहेत. सगळं चालतंय, पण पुढच्या गोष्टी अडतायत. ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी सांगा, अंदाज नकोत.

१) 'झेल्डा' मालिकेतल्या 'ऑकरिना ऑफ टाइम'मध्ये सी बटणं उजव्या स्टिकवर आहेत. ऑकरिना (गेममधलं फुंकवाद्य) वाजवताना हमखास एखादा सूर चुकतो. 'गोल्डनआय'मध्ये तर एका स्टिकनं चालायचं आणि तिनंच वळायचं, नेम धरताच येत नाही.

२) टीव्हीवर खेळताना बटण दाबलं की गेम उशिरा हलतो. हातात धरून खेळलं तर बराच फरक पडतो. पण ऑकरिना हातातसुद्धा जडच वाटतो. हा लॅग आहे की गेमच तसा आहे?

३) सुपर निन्टेन्डोचे गेम आडवे सरकतात तेव्हा चित्र थरथरतं, काही पिक्सेल जाड, काही बारीक. टीव्हीचा दोष का?

४) जुना सस्पेन्ड पॉइंट (ॲपनं टिपून ठेवलेली गेमची स्थिती) उघडला आणि त्यानंतर गेममध्ये केलेला सेव्ह गायब झाला. परत मिळेल का?

५) दहा दिवस इंटरनेट नसेल अशा ठिकाणी कन्सोल न्यायचा आहे. चालेल ना?

---

सी_बटणवाला

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

सूर चुकतात याचं कारण सोपं आहे. मूळ कंट्रोलरवर सी बटणं चार वेगळी बटणं होती. उजवी स्टिक जराशी तिरकी गेली की ॲपला 'वर' आणि 'डावं' यातलं एक निवडावं लागतं आणि ते तुमच्या मनातलं नसतं. झेडआर दाबून धरा. तेवढ्या वेळापुरती उजवीकडची चार बटणं सी बटणं होतात: एक्स वर, बी खाली, वाय डावं, ए उजवं. ऑकरिनाचे सूर सी बटणांवर आणि ए वर आहेत. रोजच्या वापरातल्या सगळ्या धुनी फक्त सी डावं, सी उजवं, सी वर, सी खाली आणि ए यांतूनच बनतात, त्यामुळे झेडआर धरून सी चे सूर वाजवायचे आणि ए चा सूर आला की झेडआर सोडायचा. दोनचार वेळा अडखळाल, मग बोट आपोआप जातं. वस्तू वापरायला मात्र स्टिक पुरते, तिथे घाई नसते.

एन६४ चं ॲप अद्ययावत आहे ना ते आधी बघा. २०२५ च्या अपडेटपासून बटणं ॲपच्या मेनूतूनच बदलता येतात. त्याआधी हे फक्त कन्सोलच्या सेटिंगमधून व्हायचं, आणि इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले अजून त्या काळातलेच फिरतायत.

गोल्डनआयसाठी मात्र कन्सोलच्या सेटिंगमधला जुना उपायच जास्त भरवशाचा, कारण तिथे दोन्ही स्टिकची थेट अदलाबदल होते. क्रम असा:

मिशन सुरू करा, प्लस दाबून घड्याळ (गेमचा पॉज मेनू) उघडा, कंट्रोलच्या पानावर १.२ सॉलिटेअर निवडा. या पद्धतीत स्टिक बघण्या-वळण्यासाठी आणि सी बटणं चालण्यासाठी असतात. मूळच्या १.१ हनी पद्धतीत स्टिकनंच पुढे-मागे चालायचं आणि वळायचं असतं, म्हणून ती आजच्या हाताला विचित्र लागते. त्याच मेनूत वर-खाली बघण्याचा पर्याय 'अपराइट' करा, नाहीतर स्टिक वर ढकलली की नजर खाली जाईल.

मग होम दाबा. सिस्टिम सेटिंग्ज, कंट्रोलर्स अँड सेन्सर्स, चेंज बटन मॅपिंग. प्रो कंट्रोलर निवडून डावी आणि उजवी स्टिक एकमेकींच्या जागी लावा. झेडआरला झेडएलचं काम द्या (एन६४ चं झेड म्हणजे गोळीबार, ते झेडएलवर असतं) आणि झेडएलला आरचं काम द्या, म्हणजे डाव्या बोटानं नेम, उजव्यानं गोळी.

आता डावी स्टिक सी बटणं पाठवते आणि उजवी नजर हलवते. दोन गोष्टी खटकतील. सी बटणं ही बटणंच, त्यामुळे हळू चालणं नाही. एकतर थांबा नाहीतर पूर्ण वेगानं पळा. दुसरं, गेमच्या मेनूतही उजवी स्टिकच चालेल. कंट्रोलर बिघडला असं समजून कॅलिब्रेशन करायला जाऊ नका.

ही मांडणी फेव्हरिट म्हणून साठवा. कन्सोलवर अशा पाच साठवता येतात. खेळून झालं की मूळ मांडणी परत लावायला विसरू नका, कारण हा बदल ॲपपुरता नसतो. तो सगळ्या गेमना आणि होम मेनूलाही लागू राहतो.

आणि 'परफेक्ट डार्क' शोधत असाल तर तो या ॲपमध्ये सापडणार नाही. १७ वर्षांवरच्यांसाठी एन६४ चं वेगळं ॲप आहे, ते स्वतंत्र उतरवावं लागतं.

---

फ्रेम_मोजणारा

दुसऱ्या प्रश्नात दोन वेगळे उशीर एकत्र झालेत, ते सोडवून घ्या.

टीव्हीवरचा उशीर टीव्हीचाच आहे. हातात फरक पडतो हाच पुरावा. आधुनिक टीव्ही प्रत्येक फ्रेम थांबवून तिच्यावर प्रक्रिया करतो: हालचाल गुळगुळीत करणं, नॉइज काढणं, कडा उठावदार करणं. या सगळ्याला वेळ लागतो, आणि हालचाल गुळगुळीत करायला तर टीव्हीला पुढच्या फ्रेमची वाट बघावी लागते. स्विच ज्या एचडीएमआय पोर्टला आहे त्याच पोर्टवर गेम मोड लावा. बऱ्याच टीव्हींत चित्राची सेटिंग दर पोर्टला वेगळी असते. एकावर लावलं म्हणजे सगळीकडे लागलं असं नाही. टीव्ही आपोआप ओळखेल यावरही विसंबू नका, मेनूत जाऊन डोळ्यांनी खात्री करा. काही टीव्हींत गेम मोडमध्येही मोशन स्मूदिंगचा वेगळा पर्याय चालूच राहतो, तो बंद करा. शार्पनेस शून्य किंवा टीव्हीच्या तटस्थ आकड्यावर.

मध्ये साउंडबार असेल तर कन्सोल थेट टीव्हीला लावून एकदा तुलना करा. आणि ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर आवाज उशिरा येणारच. कानाला उशीर झाला की मेंदूला बटणच उशिरा लागलं असं वाटतं. तारेचा हेडफोन लावला की हे प्रकरण मिटतं.

आता ऑकरिना. तो मूळ कन्सोलवरच सेकंदाला २० फ्रेमनं चालायचा. म्हणजे एक चित्र ५० मिलिसेकंद पडद्यावर राहतं. ६० फ्रेमच्या गेममध्ये हाच आकडा साधारण १६.७ असतो. तुम्ही बटण दाबलंत ते चित्र बदलल्यावर लगेच, तर पुढचं चित्र येईपर्यंत ५० मिलिसेकंद काहीच दिसत नाही. स्विचवर त्याचं रेझोल्यूशन वाढलंय, फ्रेमचा वेग नाही. गेमचा वेग, शत्रूंची चाल, उडीची लांबी सगळं त्या २० वर बांधलेलं आहे. 'सुपर मारिओ ६४' ३० फ्रेमचा आहे म्हणून तो हलका वाटतो. दोन्ही गेम एकापाठोपाठ हातात धरून खेळा, उत्तर मिळेल.

तुमचं निन्टेन्डो अकाउंट युरोपीय विभागाचं असेल तर आणखी एक ठिकाण तपासा. तिथे काही एन६४ गेम दोन रूपांत मिळतात: ६० हर्ट्झचं इंग्रजी आणि ५० हर्ट्झचं अनेक भाषांचं. दुसरं निवडलं असेल तर गेम साधारण १७ टक्के हळू चालेल, संगीतासकट. ऑकरिनाची ५० हर्ट्झची आवृत्ती सेकंदाला १७ च्या आसपास फ्रेम देते. भाषेची गरज नसेल तर तिच्याकडे वळूच नका.

थरथरीचं कारण टीव्ही नाही, गणित आहे. सुपर निन्टेन्डोचं चित्र साधारणपणे २५६ बाय २२४. हे पिक्सेल चौरस धरून दाखवले तर आकार ८:७ येतो. जुना काचेचा टीव्ही (सीआरटी) तेच चित्र आडवं ताणून ४:३ करायचा, म्हणजे रुंदी सातषष्ठांश पट. उभे चार पट केले तर २२४ चे ८९६ होतात, पण रुंदी २५६ ची साधारण ११९५ व्हायला हवी. ११९५ भागिले २५६ म्हणजे ४.६७. पिक्सेल ४.६७ रुंद होऊ शकत नाही, म्हणून काही रकाने पाच रुंद आणि काही चार. चित्र स्थिर असताना हे दिसत नाही. पार्श्वभूमी सरकू लागली की जाड-बारीक रकाने तिच्यावरून धावतात.

सुपर निन्टेन्डोच्या ॲपमध्ये डिस्प्लेचे तीन पर्याय आहेत. पिक्सेल परफेक्टमध्ये प्रत्येक पिक्सेल चौरस राहतो, थरथर जाते, पण सगळं थोडं सडपातळ दिसतं. गोल चंद्र अंडाकृती होतो. ४:३ मध्ये आकार बरोबर, सरकताना थरथर. सीआरटी फिल्टर ४:३ च ठेवतो, फक्त रेघा आणि धूसरपणा घालून ती जाडी-बारीकी झाकतो. माझं मत: ज्यात धावायचं आहे त्या गेमना पिक्सेल परफेक्ट, ज्यात गोष्ट वाचायची आहे त्यांना ४:३. फिल्टर मला मोठ्या टीव्हीवर फार काळवंडलेला वाटतो, पण ही आवड झाली.

गेम बॉयचं हातातलं गणित मात्र सुंदर जुळतं. त्याचा पडदा १६० बाय १४४. स्विचचा स्वतःचा पडदा ७२० ओळींचा. १४४ गुणिले ५ बरोबर ७२०. म्हणून गेम बॉयचे गेम हातातच खेळावेत असं मी सांगतो. टीव्हीवर १०८० ला सातपट करून १००८ होतात, तेही चालतं.

काळे भाग राखाडी दिसत असतील, किंवा अंधाऱ्या गुहेत काहीच दिसत नसेल, तर स्विचच्या टीव्ही सेटिंग्जमध्ये आरजीबी रेंज बघा. स्विच फुल पाठवतोय आणि टीव्ही लिमिटेड समजतोय अशी गडबड असली की काळ्यातला तपशील मरतो. उलट असली की सगळं फिकं पडतं. दोन्हीकडे एकच ठेवा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीचं ओव्हरस्कॅन बंद करा आणि त्याच टीव्ही सेटिंग्जमधला ॲडजस्ट स्क्रीन साइज १०० टक्के ठेवा. एनईएसच्या कित्येक गेममध्ये गुण आणि उरलेले जीव अगदी कडेला असतात.

---

स्लॉट_चार

सेव्ह आणि ऑफलाइनचं मी सांगतो, कारण यातच लोक सगळ्यात जास्त हात पोळून घेतात.

इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींना लोक 'सेव्ह' म्हणतात. गेमचा स्वतःचा सेव्ह, पूर्वी कार्ट्रिजमधल्या बॅटरीवर किंवा चिपवर राहायचा तो. ॲपचा सस्पेन्ड पॉइंट, दर गेमला चार. आणि क्लाउडवरची प्रत.

सस्पेन्ड पॉइंट म्हणजे त्या क्षणी यंत्राच्या मेमरीत जे जे होतं त्याची नक्कल. यात कार्ट्रिजवरचा सेव्हही येतो. म्हणून काल घेतलेला पॉइंट आज उघडलात की कार्ट्रिजही कालची होते. आज सकाळी गेममध्ये केलेला सेव्ह तिच्या दृष्टीनं झालेलाच नाही. तुमच्या बाबतीत हेच झालं. नंतरच्या वेळचा दुसरा एखादा सस्पेन्ड पॉइंट त्याच गेमच्या चार जागांत शिल्लक असेल तर तो उघडा, त्यात तो सेव्ह असेल. नसेल तर क्लाउडचा आधार धरता येतो, पण तिथे एकच प्रत असते, मागच्या तारखांच्या प्रती नसतात. तुम्ही नंतर खेळला असाल आणि कन्सोल ऑनलाइन असेल तर ती बहुधा नव्यानं लिहिली गेली आहे.

क्लाउडवरून उतरवण्याआधी हे वाचा. सेव्ह डेटा गेमचा नसतो, ॲपचा असतो. एन६४ च्या ॲपचा एकच डेटा, त्यात सगळे गेम. जुनी प्रत आणलीत तर ऑकरिना परत येईल आणि त्याबरोबर मारिओ कार्टमधली तेव्हापासूनची कमाई जाईल. दोन कन्सोल असतील तर हा धोका दुप्पट: एकावर झेल्डा आणि दुसऱ्यावर मारिओ असं खेळलात तर दोन प्रतींचं भांडण होतं आणि एकच निवडावी लागते.

पुढे टाळायचं असेल तर सवय अशी लावा: जुना पॉइंट उघडण्याआधी चालू स्थितीचा नवा पॉइंट रिकाम्या जागेत घ्या. चौथी जागा कायम याच कामाला राखून ठेवा. एन६४ मध्ये मायनस दाबून मेनू येतो, सुपर निन्टेन्डो आणि एनईएसमध्ये झेडएल आणि झेडआर एकदम.

तरीही गेममधला सेव्ह सोडू नका. ऑकरिनात मंदिराच्या आत सेव्ह केलं की पुढच्या वेळी दारात उभे राहता, सस्पेन्ड पॉइंट मात्र नेमक्या त्या खोलीत आणतो. म्हणून लोक पहिला करायचाच बंद करतात. मग एखाद्या दिवशी चुकून चारही जागांवर भलतंच लिहिलं जातं आणि हातात काही उरत नाही. मंदिर संपलं की गेममध्ये सेव्ह, मधल्या कठीण जागी सस्पेन्ड.

ऑफलाइन: ॲपला दर सात दिवसांत एकदा तरी इंटरनेटवर मेंबरशिप तपासावी लागते. दहा दिवस सलग इंटरनेट नसेल तर शेवटचे तीन दिवस गेम उघडणार नाहीत. उपाय फार साधा आहे. निघायच्या दिवशी वायफाय चालू असताना प्रत्येक ॲप एकदा उघडा. मध्ये कुठेतरी मोबाइलचा हॉटस्पॉट मिळाला की पुन्हा तेच करा, डेटा नगण्य लागतो. मुदत संपली तरी सेव्हला काही होत नाही, फक्त दार बंद होतं.

सबस्क्रिप्शन थांबवलंत तर कन्सोलवरचा सेव्ह तसाच राहतो. क्लाउडवरची प्रत १८० दिवस ठेवली जाते. त्या मुदतीत परत घेतलंत तर जसंच्या तसं सुरू.

---

आरामखुर्ची

एवढं सगळं कशाला? रिवाइंड आहे ना. चुकलात की मागे घ्या.

---

स्लॉट_चार

रिवाइंड उत्तम आहे, पण तो काही सेकंदांच्या चुकीसाठी. काल हरवलेल्या सेव्हसाठी नाही. शिवाय या धाग्यातल्या कन्सोलवर तो एन६४ ला मिळतच नाही. एन६४ चं रिवाइंड आणि सीआरटी फिल्टर २०२५ मध्ये आले ते फक्त स्विच २ वर. ओएलईडीवर रिवाइंड एनईएस, सुपर निन्टेन्डो आणि गेम बॉयच्या ॲपमध्ये आहे. गेमक्यूबचे गेमही असेच, जून २०२५ पासून, स्विच २ असेल तरच. एक्स्पान्शन पॅक घेतलं म्हणून जुन्या स्विचवर दिसतील अशी वाट बघू नका.

---

जुनंच_बरं

झेडआरची युक्ती जमली, ऑकरिना नीट वाजतोय. टीव्हीत मोशन स्मूदिंग खरंच चालू होतं. सस्पेन्डची दुसरी जागा उघडली आणि सेव्ह मिळाला. आभार.

आणखी दोन विचारतो. 'मारिओ कार्ट ६४' चौघांनी खेळायचा आहे: तिघं एका घरात, चौथा लांब. सगळ्यांना सबस्क्रिप्शन लागेल का? आणि तिसरा कंट्रोलर कन्सोलला जोडला जात नाहीये, तो का?

---

सी_बटणवाला

तिसरा कंट्रोलर: ब्लूटूथ हेडफोन जोडलेला आहे का? ब्लूटूथ आवाज चालू असताना स्विच फक्त दोन वायरलेस कंट्रोलर घेतो. हेडफोन काढा, तिसरा लगेच जोडला जाईल. दोन जॉयकॉनची (स्विचच्या बाजूंना लागणाऱ्या छोट्या कंट्रोलरची) जोडी ही दोन कंट्रोलर म्हणून मोजली जाते हेही धरा. हेडफोन चालू असताना एक जोडी लावली की मर्यादा तिथेच भरली.

---

फ्रेम_मोजणारा

एका कन्सोलसमोर बसलेल्यांपैकी ज्याच्या प्रोफाइलवरून ॲप उघडलं त्याचीच मेंबरशिप बघितली जाते. बाकीचे नुसते कंट्रोलर धरतात. लांबच्या मित्राकडे मात्र त्याचं स्वतःचं एक्स्पान्शन पॅक हवं, साधं सबस्क्रिप्शन चालत नाही, आणि तुम्ही फ्रेंड लिस्टमध्ये असायला हवं. अनोळखी लोकांशी आपोआप जोडी लावणं इथे नाही. फॅमिली मेंबरशिपमध्ये आठ अकाउंट बसतात, तो मित्र त्या गटात असेल तर वेगळी घ्यायला नको.

ऑनलाइन खेळताना सगळ्यांना एकच चित्र दिसतं, चार भागांत कापलेलं. लांबच्या मित्रालाही स्वतःचा कोपराच बघावा लागेल. कारण चौघं मिळून एकच एन६४ चालवत आहात. दोन्ही कन्सोलना प्रत्येक फ्रेमला एकमेकांची बटणं कळायला हवीत. एकाचं नेट अडखळलं की सगळ्यांचा गेम अडखळतो. म्हणून इथे वेग किती यापेक्षा नेट एकसारखं आहे का ते महत्त्वाचं. ओएलईडीच्या डॉकला लॅन पोर्ट आहे, तार लावा. मित्राचा डॉक जुना असेल तर यूएसबीचा लॅन ॲडॉप्टर लागेल.

जोडणीच होत नसेल तर दोघांनीही सिस्टिम सेटिंग्ज, इंटरनेट, टेस्ट कनेक्शन करून नॅट टाइप (राउटर बाहेरच्या जोडण्या कितपत येऊ देतो त्याची श्रेणी) वाचा. ए किंवा बी असेल तर ठीक. सी ला कधी होतं कधी नाही. डी असेल तर राउटरमध्ये यूपीएनपी (कन्सोलला हवी ती वाट आपोआप उघडण्याची सोय) चालू करून कन्सोल पूर्ण बंद-चालू करा. एका राउटरमागे दुसरा राउटर असला की हा प्रकार हटकून होतो. त्यातल्या एकाला ब्रिज मोडमध्ये टाकावं लागतं, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नेट नुसतं पुढे देतो. मोबाइल हॉटस्पॉटवर बहुतेकदा डी च येतो, तिथे फार डोकं लावू नका.

---

दुसरा_पर्याय

विषय थोडा बाजूला नेतो. पोकेमॉन आणि प्लेस्टेशन १ चे गेम यासाठी कुठलं सबस्क्रिप्शन? हेच घेतलं तर दोन्ही मिळेल?

---

स्लॉट_चार

पोकेमॉनचे गेम बॉयवरचे मुख्य गेम या सबस्क्रिप्शनच्या यादीत नाहीत. 'पोकेमॉन स्टेडियम' आहे, पण मूळ एन६४ वर ट्रान्सफर पॅक लावून गेम बॉयच्या कार्ट्रिजमधले स्वतःचे पोकेमॉन आणता यायचे, ते इथे होत नाही. भाड्याच्या पोकेमॉनवरच खेळायचं. लढाया आणि छोटे खेळ ठीक, पण त्या गेमचा जीव त्या आयातीत होता. केवळ त्याच्यासाठी सबस्क्रिप्शन घेऊ नका.

प्लेस्टेशन १ साठी सोनीच्या प्लेस्टेशन प्लसची सगळ्यात वरची पायरी लागते. क्लाउड स्ट्रीमिंग असलेल्या देशांत तिचं नाव प्रीमियम, नसलेल्या देशांत डीलक्स. पीएस १, पीएस २ आणि पीएसपीचे गेम डाउनलोड होऊन कन्सोलवर चालतात. पीएस ३ चे फक्त स्ट्रीम होतात, म्हणजे डीलक्सवाल्यांना ते नाहीतच. पैसे भरण्याआधी स्टोअरच्या पानावर आपल्या देशात कुठली पायरी आहे ते बघा. पीएस १ च्या गेममध्येही रिवाइंड आणि कुठेही सेव्ह करण्याची सोय आहे, आणि वर सांगितलेला ५०-६० हर्ट्झचा प्रश्न तिथेही आहे: २०२२ मध्ये सेवा आशियात सुरू झाली तेव्हा काही गेम ५० हर्ट्झच्या युरोपीय आवृत्तीचे निघाले होते. काही गेमना नंतर ६० हर्ट्झची निवड मिळाली. गेम उतरवल्यावर तो पर्याय दिसतो का ते आधी बघा.

---

फ्रेम_मोजणारा

आणि कुठलंही घेतलंत तरी यादी कायमची धरू नका. मार्च २०२५ मध्ये सुपर निन्टेन्डोच्या यादीतून 'सुपर सॉकर' काढला गेला. निन्टेन्डोचे स्वतःचे गेम निघण्याची भीती कमी. बाहेरच्या कंपन्यांचे, परवान्यावर आलेले गेम जास्त धोक्यात. तसला एखादा अर्धवट खेळून ठेवला असेल तर तो आधी संपवा, मारिओ थांबेल.

---

जुनंच_बरं

हेडफोनच होता. तिसरा कंट्रोलर जोडला गेला. मित्राचा नॅट डी आहे, दोन राउटर आहेत त्याच्याकडे. ब्रिज मोड कुठल्या राउटरवर लावायचा, कंपनीनं दिलेल्या की त्यानं घेतलेल्या?

---

फ्रेम_मोजणारा

कंपनीनं दिलेल्यावर. बाहेरच्या तारेला जो लागलेला असतो तो ब्रिज, आणि वायफाय देणारा त्याचा स्वतःचा राउटर म्हणून राहतो. कंपनीच्या डब्यात ब्रिजचा पर्याय बंद करून ठेवलेला असेल तर उलट करा: त्याच्या स्वतःच्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. यूपीएनपी मग कंपनीच्या डब्यावर चालू हवं. बदल केल्यावर आधी दोन्ही राउटर बंद-चालू, मग कन्सोल, मग पुन्हा टेस्ट कनेक्शन. बी आला की खोली तयार करून त्याला बोलवा.